आधी पुरावा, मग परवाना

१६ जुलै २०२५ च्या रात्री दिल्लीहून गोव्यातील मोपा विमानतळाकडे निघालेल्या इंडिगो कंपनीच्या ए-३२० निओ जातीच्या विमानाच्या एका इंजिनात वाटेत बिघाड झाला. वैमानिकांनी ‘पॅन पॅन’ हा तातडीचा संकेत दिला, विमान मुंबईकडे वळविले आणि ते सुखरूप उतरविले. एरवी अशा बातमीला आतल्या पानावरील चार ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. परंतु जेमतेम महिन्यापूर्वी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे विमान कोसळून २६० माणसे दगावली होती. साहजिकच या बातमीने अनेकांच्या काळजाचा ठोका चुकला. अहमदाबादचा अपघात निराळ्या प्रकारचा होता. तेथे उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा जोर गेला. त्याची चर्चा येथे करावयाची नाही. प्रश्न आहे तो प्रवासाच्या मध्यावर एक इंजिन बंद पडते तेव्हाचा. आणि त्या वेळी प्रवाशाचा जीव नेमका कोणाच्या हाती असतो, याचा.

या प्रश्नावर दोन मते हिरिरीने मांडली जातात. एक मत असे की, दोनच इंजिनांचे विमान महासागरावर नेणे हा कंपन्यांनी प्रवाशांच्या जिवावर मांडलेला जुगार आहे. दुसरे मत असे की, आधुनिक विमान एका इंजिनावर सहज उतरते. ही तंत्रज्ञानाची आणि खुल्या स्पर्धेची किमया आहे, तेव्हा सरकारने आता कंपन्यांच्या मागचा नियमांचा ससेमिरा कमी करावा. पहिले मत अज्ञानातून येते, दुसरे हितसंबंधांतून. दोहोंत एक गोष्ट समान आहे. ज्या माणसांमुळे आणि ज्या नियमामुळे ते विमान सुखरूप उतरते, त्यांचा दोहोंतही पत्ता नसतो.

आकाशात काय घडते?

पस्तीस हजार फुटांवर एक इंजिन गेले म्हणजे विमान दगडासारखे कोसळत नाही. जिवंत इंजिन एकाच बाजूने रेटा देत असल्याने विमानाचे नाक मेलेल्या इंजिनाच्या दिशेने वळू लागते. शेपटीवरील सुकाणूने ते सरळ राखावे लागते. उरलेल्या इंजिनाचा जोर वाढवावा लागतो. तरीही एकट्या इंजिनाला तेवढ्या विरळ हवेत विमान पेलवत नाही. म्हणून ते हळूहळू, ठरलेल्या वेगाने खाली आणून कमी उंचीवर स्थिर करावे लागते. बिघडलेल्या इंजिनाचे इंधन तोडावयाचे असते. पण त्याआधी बिघडलेले इंजिन नेमके कोणते, याची दोघा वैमानिकांनी परस्परांकडून खात्री करून घ्यावयाची असते. त्या इंजिनावरील वीजजनित्र थांबलेले असते, म्हणून शेपटीतील साहाय्यक जनित्र सुरू करावे लागते. नंतर कोणत्या विमानतळाकडे वळावयाचे, तेथील हवामान कसे आहे, धावपट्टी किती लांब आहे, अग्निशामक दल सज्ज आहे की नाही, हे ठरवावयाचे.

यांतील कोणतीही गोष्ट त्या क्षणी सुचत नाही. ती सारी आधीच ठरविलेली, मोजलेली आणि सरावात घोटलेली असते. समुद्रावरून जाणारे दोन इंजिनांचे विमान जमीन सोडते त्यापूर्वीच वाटेतील पर्यायी विमानतळ निवडलेले असतात. मार्गावरील सर्वांत गैरसोयीच्या बिंदूवर इंजिन गेले, त्यातच केबिनमधील हवेचा दाब गेला आणि दहा हजार फुटांवरून, म्हणजे भरपूर इंधन जाळीत, जावे लागले, तरी पुरेल एवढे इंधन भरलेले असते. मालाच्या कप्प्यात आग लागली तर ती दाबून धरणारी यंत्रणा पर्यायी विमानतळ गाठेपर्यंत आणि त्यावर आणखी १५ मिनिटे पुरली पाहिजे, अशी अट असते. १७ मार्च २००३ रोजी ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेले युनायटेड कंपनीचे बोइंग ७७७ पॅसिफिक महासागरावर एक इंजिन बंद करून, समोरच्या वाऱ्याशी झगडत, तीन तासांहून अधिक काळ उडाले आणि हवाई बेटांवरील कोना येथे उतरले. कोणालाही इजा झाली नाही. हा चमत्कार नव्हता, हिशेब होता.

हा हिशेब आला कोठून?

१९५३ साली अमेरिकी सरकारने नियम केला की, दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनाच्या वेगाने ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जाऊ नये. त्या काळच्या पिस्टन इंजिनांच्या लहरी स्वभावाला तो नियम साजेसाच होता. त्यामुळे महासागरांवर पुढे अनेक वर्षे तीन आणि चार इंजिनांच्या विमानांचेच राज्य राहिले. १९७३ आणि १९७९ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा कंपन्यांच्या डोळ्यांत तिसऱ्या-चौथ्या इंजिनाचा खर्च सलू लागला. दोन इंजिने म्हणजे कमी इंधन, कमी सुटे भाग, कमी देखभाल. हे नफ्याचे गणित होते आणि ते कोणी लपविलेही नाही.

त्यावर नियामकांनी दिलेले उत्तर मात्र मननीय आहे. त्यांनी ‘नाही’ म्हटले नाही आणि ‘तुमची मर्जी’ असेही म्हटले नाही. त्यांनी सांगितले : आधी सिद्ध करा. फेब्रुवारी १९८५ मध्ये टीडब्ल्यूए कंपनीच्या बोइंग ७६७ ला बोस्टन-पॅरिस मार्गावर पर्यायी विमानतळापासून १२० मिनिटांपर्यंत दूर जाण्याची परवानगी मिळाली. १९८८ मध्ये ही मर्यादा १८० मिनिटांपर्यंत नेण्याची वाट मोकळी झाली. ‘एटॉप्स’ या नावाने हे नियम ओळखले जातात. १२० मिनिटांची मुभा हवी असेल तर दर एक लाख इंजिन-तासांत उड्डाणातील इंजिन-बंदीचे ५ पेक्षा अधिक प्रसंग घडता कामा नयेत. १८० मिनिटांसाठी २, आणि त्यापलीकडे जावयाचे तर १. शिवाय परवाना केवळ विमानाला नाही; ते चालविणाऱ्या कंपनीलाही स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. तिची देखभाल, तिचे प्रशिक्षण, तिच्या नोंदी तपासल्या जातात.

आता जे साथी दोन इंजिनांनाच भांडवलदारांचा कट समजतात त्यांना सांगावयाचे ते हे. इंजिनांची संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे. चार इंजिनांच्या विमानात बिघडण्याजोगी इंजिनेही चार असतात. खर्च वाचविण्याच्या हेतूतून निघालेली मागणी कठोर सार्वजनिक अटीला बांधली गेली, तेव्हा त्यातून जुन्यापेक्षा अधिक भरवशाची इंजिने आणि अधिक काटेकोर देखभाल निर्माण झाली. हे श्रेय मागणीचे नाही, अटीचे आहे. स्पर्धेने कंपन्यांना चौथे इंजिन काढावयास लावले. उरलेली दोन विश्वासार्ह करावयास लावले ते नियमाने.

हा नियम काढून घेण्याचीही ताकद बाळगतो. रोल्स-रॉइस कंपनीच्या ट्रेंट १००० इंजिनांच्या काही जातींत पात्यांना तडे जाऊ लागले, तेव्हा अमेरिकी नियामकाने एप्रिल २०१८ मध्ये त्या इंजिनांच्या बोइंग ७८७ विमानांची मर्यादा ३३० मिनिटांवरून एकदम १४० मिनिटांवर आणली. मार्ग बदलावे लागले, खर्च वाढला, कंपन्यांनी तो सोसला. परवाना ही मालमत्ता नसून सशर्त विश्वास आहे, हे त्यातून दिसले.

तीन इंजिने आणि एक रबरी कडे

खरे संकट कोठे असते हे पाहावयाचे तर ५ मे १९८३ ची घटना पाहावी. मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या ट्रायस्टार विमानाला तीन इंजिने होती. समुद्रावर एकामागून एक तिन्ही बंद पडली. पहिले बंद केलेले इंजिन कसेबसे पुन्हा सुरू झाले आणि विमान मायामीला परतले, म्हणून १७२ जीव वाचले. कारण काय होते? आदल्या रात्री तिन्ही इंजिनांतील वंगणतेल तपासण्याच्या खिट्ट्या बदलल्या होत्या आणि त्यांतील एकीवरही रबरी कडे बसविलेले नव्हते. सारे तेल गळून गेले.

दोष मेकॅनिकांचा होता काय? होता. पण चौकशी तेवढ्यावर थांबली नाही. या खिट्ट्या नेहमी फोरमनच्या कपाटातून, कडी बसविलेल्या अशाच मिळत. त्या रात्री कपाट रिकामे होते. भांडारातून आणलेल्या खिट्ट्यांना कडी नव्हती, आणि पाकिटावर मात्र ‘वापरण्यायोग्य’ अशी चिठ्ठी होती. अशाच चुका त्या कंपनीत पूर्वीही घडलेल्या होत्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मेकॅनिकांबरोबरच पर्यवेक्षकांवर आणि पूर्वीच्या घटनांचे गांभीर्य न ओळखणाऱ्या व्यवस्थापनावरही स्पष्ट ठपका ठेवला. तिसरे इंजिन तेथे उपयोगी पडले नाही, कारण तिन्हींवर एकच चूक करणारी कामाची पद्धत एकच होती. म्हणूनच एटॉप्सच्या नियमांत दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच माणसाने एकाच वेळी करू नये, असे बंधन आहे. हिशेबनीसाच्या दृष्टीने एका कामाला दोन माणसे ही उधळपट्टी असते. प्रवाशाच्या दृष्टीने तेच खरे दुसरे इंजिन असते.

शौर्यगाथेच्या आड

२४ ऑगस्ट २००१ रोजी टोरंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या ए-३३० विमानाचे इंधन अटलांटिकवर गळून गेले. आधी उजवे आणि १३ मिनिटांनी डावे इंजिन विझले. कप्तान रॉबेर पिशे आणि सहवैमानिकाने ते विमान सुमारे १९ मिनिटे घारीसारखे तरंगत नेले आणि अझोर्स बेटांवरील लाजेस येथे उतरविले. ३०६ माणसे वाचली. वैमानिकांचे कौशल्य निःसंशय अलौकिक होते आणि जगभर त्याचे गोडवे गायले गेले.

परंतु गळती का झाली? काही दिवसांपूर्वी उजवे इंजिन बदलताना एकमेकांशी न जुळणाऱ्या नळ्या बसविल्या होत्या. त्या घासून इंधनाची नळी फाटली. न जुळणारा भाग मुख्य तंत्रज्ञाच्या लक्षात आला होता. त्याला हवी असलेली तांत्रिक सूचनापत्रिका संगणकावर उघडेना, काम उरकण्याचा तगादा होता, आणि तोंडी सल्ल्यावर काम पुरे झाले. आकाशात वैमानिकांनी गळती न ओळखता डाव्या टाकीतील इंधन उजवीकडे सोडले आणि तेही वाहून गेले. कॅनडाच्या सरकारने कंपनीला अडीच लाख डॉलर दंड केला. कप्तानाची कीर्ती जगाने लक्षात ठेवली. हँगरमधील तगादा विसरला गेला. शौर्यगाथांचा उपयोग प्रस्थापितांना असा होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाजेस ही पोर्तुगालच्या हवाई दलाची धावपट्टी आहे. पॅसिफिकमधील मिडवे बेटावरची धावपट्टी अमेरिकी सरकार आपल्या खर्चाने सांभाळते. तिचा मुख्य उपयोग हाच की, संकटातल्या विमानाला उतरता यावे. चौथ्या इंजिनाची बचत कंपन्यांच्या खात्यात जमा झाली आणि आणीबाणीच्या धावपट्टीचा बराचसा भार जनतेच्या खात्यावर पडला. निदान ‘सरकारने या क्षेत्रातून अंग काढून घ्यावे’ असे सांगताना तरी कंपन्यांनी थोडा संकोच बाळगावा.

आणि जेथे प्रशिक्षणातच काटछाट होते तेथे एका इंजिनाचा बिघाडही प्राणघातक ठरतो. ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटनमध्ये केगवर्थ येथे ब्रिटिश मिडलंडचे बोइंग ७३७-४०० कोसळून ४७ माणसे मेली. बिघडले होते डावे इंजिन. वैमानिकांनी बंद केले उजवे. त्या नव्या जातीच्या विमानाच्या सराव-यंत्रावर त्यांना शिक्षण मिळालेले नव्हते, कारण तसे यंत्र त्या वेळी ब्रिटनमध्ये उपलब्ध नव्हते. केबिनमधील प्रवाशांनी आणि काही कर्मचाऱ्यांनी डाव्या बाजूच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून उजव्या इंजिनाचा उल्लेख केला, आणि तरीही ती विसंगती कोणी कॉकपिटपर्यंत पोचविली नाही. वरच्याला चूक दाखविण्याची सोय नसलेली कामाची रचना किती महाग पडते, याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागणार नाही.

आपल्याकडील सवलतींचे राज्य

आता आपल्या देशाकडे वळू. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची नवी इंजिने बसविलेल्या ए-३२० निओ विमानांत २०१६ पासून वारंवार बिघाड होऊ लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये युरोपीय नियामकाने फर्मावले की, सदोष मालिकेतील दोन इंजिने एकाच विमानावर असता कामा नयेत, आणि असे एक इंजिन असेल तर त्या विमानाने एटॉप्सचा प्रवास करू नये. मार्च २०१८ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याच्याही पुढे जाऊन, असे एक इंजिन असलेली इंडिगोची ८ आणि गोएअरची ३ विमाने जमिनीवर उतरविली. उड्डाणे रद्द झाली, प्रवासी संतापले. पण निर्णय योग्य होता आणि त्याबद्दल महासंचालनालयाचे अभिनंदन करण्यात आम्हांला कंजूषपणा करावयाचा नाही.

पुढे काय झाले? १ नोव्हेंबर २०१९ रोजी इंडिगोच्या ९७ विमानांवरील सुधारणा न केलेली इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्याचा आदेश निघाला, आणि मुदत संपत येताच ती वाढविण्यात आली. मुदत पाळणे हा नियम न राहता मुदतवाढ हा नियम झाला. याच इंजिनांच्या भरवशावर विस्तार करणाऱ्या वाडिया समूहाच्या कंपनीने, नाव बदलून ‘गो फर्स्ट’ झालेल्या गोएअरने, मे २०२३ मध्ये दिवाळे जाहीर केले. कंपनीने दोष इंजिन-उत्पादकावर ठेवला, उत्पादकाने तो नाकारला. थकलेल्या पगाराचा भार मात्र कर्मचाऱ्यांवर पडला. वाडियांच्या बॉम्बे डाइंगचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्या मुंबईकरांना या गोष्टीचा शेवट नवा वाटू नये.

आणि डिसेंबर २०२५! वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रपाळीचे सुधारित नियम न्यायालयात झगडून पदरात पडले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तयारीला अवधी मिळूनही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीपाशी पुरेसे वैमानिक नव्हते. तिची हजारो उड्डाणे कोसळली, विमानतळांवर माणसांचे हाल झाले. सरकारने काय केले? रात्रपाळीच्या नियमांतून त्या कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. ज्या कंपनीने तयारी केली नाही तिलाच सवलत! हे एटॉप्सच्या तत्त्वाच्या नेमके उलट आहे. तेथे आधी पुरावा आणि मग परवाना. येथे आधी परवाना, मग गोंधळ आणि शेवटी सूट. पहाटे तीन वाजता इंजिन बंद पडले तर कोणते इंजिन बंद करावयाचे याचा निर्णय त्याच थकलेल्या माणसाला घ्यावयाचा असतो, हे सूट देणाऱ्यांच्या ध्यानी आले होते काय?

ज्याने नियम राबवावयाचे त्या महासंचालनालयाची अवस्था काय आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय स्थायी समितीने दाखवून दिले की, तेथील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी आहेत. रिकाम्या खुर्च्या तपासणी करीत नाहीत. तपासणीचे काम खुद्द उत्पादकाच्या नोकरांवर सोपविले म्हणजे काय होते, ते जगाने बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, २०१८ आणि २०१९ साली, ३४६ प्रेते मोजून पाहिले आहे.

पुढची बचत कोणाची?

इंजिने चाराची दोन झाली. १९८१ साली अमेरिकेतील अध्यक्षीय समितीने दोघा वैमानिकांचे कॉकपिट मान्य केल्यावर नव्या विमानांतून उड्डाण-अभियंत्याची तिसरी जागाही गेली. आता लांबच्या उड्डाणात बराच काळ एकच वैमानिक कॉकपिटमध्ये असावा, अशी कल्पना उत्पादकांनी पुढे रेटली. आजच्या कॉकपिटमध्ये तेवढीच सुरक्षितता राहील हे दाखविता येत नाही, असा निष्कर्ष युरोपीय नियामकाच्या अभ्यासाने २०२५ मध्ये काढला. पण ही मागणी पुन्हा येईल, कारण तिच्यामागे पगाराची बचत आहे. ‘बिघडलेले इंजिन कोणते’ याची परस्परांकडून खात्री करून घ्यावयाची, तर दुसरा माणूस जागेवर असावा लागतो, हे साधे सत्य त्या वेळी ठामपणे सांगावे लागेल.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. महासंचालनालयाची रिक्त पदे तातडीने भरा आणि त्याला मंत्रालयाच्या दावणीतून सोडवून कायद्याने स्वायत्त करा. विश्रांतीच्या व देखभालीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट देताना तिची कारणे संसदेपुढे ठेवा. आणि नियम पाळता येत नसेल तर कंपनीने उड्डाणे कमी करावीत, विश्रांती नव्हे. उड्डाणात इंजिन बंद पडल्याच्या प्रत्येक घटनेची कंपनीवार नोंद नियमितपणे प्रसिद्ध करा. आणि सर्वांत महत्त्वाचे : ‘हा भाग जुळत नाही, मी सही करणार नाही’ असे म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला आणि ‘मी थकलो आहे, उडणार नाही’ असे म्हणणाऱ्या वैमानिकाला कायद्याचे संरक्षण द्या.

विमानप्रवास हा सुखवस्तूंचा विषय आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आज आखातात मजुरीला जाणारा रत्नागिरीचा तरुण याच विमानात बसतो, आणि त्याच विमानाखाली रात्रपाळीत राबणारा लोडर व मेकॅनिकही आपलाच आहे. शिवाय प्रश्न विमानापुरता नाही. खाण असो, रासायनिक कारखाना असो की लोकल गाडी, जेथे एका चुकीने शेकडो माणसे मरू शकतात तेथे सुरक्षिततेची सिद्धता आधी मालकाने द्यावयाची, की मेल्यानंतर कामगाराने, हाच तो प्रश्न आहे. एटॉप्सने त्याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी दिले आणि ते खरे ठरले. त्या उत्तराला सवलतींचे भोक पडू न देणे हे आपले काम आहे.